गोठा, खुराडं आणि काचेची पेटी : वाचकांचे प्रश्न

या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड होता. बैलापासून बेट्टा माशापर्यंत सगळ्यांची आठवण वाचकांना झालेली दिसते. एक आधीच सांगून ठेवतो : आजारी जनावराला पत्रातून औषध लिहून देता येत नाही, त्यासाठी गावातला पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. बाकी शरीर कसं घडलंय आणि ते कसं चालतं, याबद्दल हवं ते विचारा.

प्रश्न : शर्यतीसाठी खिल्लार खोंड घ्यायचंय. मालक म्हणतो, दुसा आहे. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल म्हणतो, चौसा झालाय. आम्ही तोंड उघडून बघितलं तर वरचे दातच दिसले नाहीत! ते पडलेत काय? दात स्वतः कसे बघायचे?
– एक शेतकरी, येळ्ळूर

उत्तर : वरचे पुढचे दात पडलेले नाहीत, ते नसतातच. गाय, बैल, म्हैस, शेळी, कुणालाच नसतात. त्या जागी जाड, घट्ट हिरडी असते. जनावर जिभेनं गवताचा झुबका तोंडात ओढतं, खालच्या दातांनी त्या हिरडीवर दाबतं आणि मानेला हिसका देऊन तोडतं. दाढा मात्र वर-खाली दोन्हीकडे आहेत. मोठ्या बैलाला एकूण 32 दात, त्यातले 24 दाढा आणि खाली समोर आठ. आपल्याला मोजायचे ते हे आठ.

वासराचे हे आठही दुधाचे. पुढं ते मधल्या जोडीपासून सुरू होऊन बाहेरच्या अंगाला एकेक जोडी करत बदलतात. एकही बदललेला नसेल तो आदत. दोन बदलले की दुसा, चार बदलले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. आपल्याकडच्या जनावरात पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते, दुसरी तिसऱ्या वर्षाच्या आसपास, तिसरी साडेतीन-चारला आणि शेवटची साडेचार-पाचला. यात सहा महिने इकडेतिकडे धरायचेच. वैरण कमी पडलेल्या खोंडाचे दात उशिरा येतात, चांगलं खाल्लेल्याचे लवकर. म्हणून दातावरून जन्मतारीख निघत नाही, गट निघतो.

बघायची रीत अशी. खोंडाला दाव्यानं खांबाला आखूड बांधा. समोर उभं राहू नका, मानेच्या बाजूला उभं राहा. एका हातानं वेसण किंवा नाकपुड्यांमधला भाग धरून तोंड थोडं वर करा. दुसऱ्या हाताची बोटं ओठाच्या कोपऱ्यातून आत घाला. तिथं पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, त्यामुळं बोट चावलं जात नाही. त्याहून आत मात्र बोटं सरकवायची नाहीत, दाढांमध्ये सापडलेलं बोट चिंचोक्यासारखं फुटतं. आतून टाळूला हलका दाब दिला की जनावर तोंड उघडतं. मग खालचा ओठ अंगठ्यानं खाली करा आणि दिवसाच्या उजेडात बघा.

दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र, मुळाशी बारीक. कायमचा दात त्याच्या जवळपास दुप्पट रुंद, किंचित पिवळसर, फावड्यासारखा. दोन्ही एका ओळीत असले की फरक लगेच कळतो. तुमच्या मालकाचं आणि हेड्याचं जुळत नाही त्याचं कारण बहुधा हेच असेल की दुसरी जोडी अर्धी वर आलीय. हिरडीतून टोक दिसलं की हेडी ती मोजतो, मालक मोजत नाही. पूर्ण उंचीला आलेली जोडीच धरायची हा साधा नियम. शर्यतीत आदत, दुसा असे गट असतात, त्यामुळं हा वाद दातांचा कमी आणि पैशांचा जास्त असतो.

दोन ठिकाणी फसगत होते. एक, दात हलतो म्हणून जनावर म्हातारं समजतात. बैलाचे पुढचे दात मुळातच खोबणीत थोडे सैल असतात, नाहीतर वरच्या हिरडीला जखमा झाल्या असत्या. दुसरं, खरोखरच म्हाताऱ्या बैलाचे दात झिजून आखूड खुंट होतात आणि त्यांच्यात फटी पडतात. घाईत ते दुधाच्या दातांसारखे दिसतात. तेव्हा दाताचा माथा बघा : झिजलेल्या दाताचा माथा सपाट असून मधोमध डाग दिसतो, दुधाच्या दाताला धार असते. शिंगावरची वलयं मोजून वय सांगतात ते गाईच्या बाबतीत थोडंफार चालतं, कारण गाभण-विण्याच्या काळात शिंगाची वाढ मंदावून वलय उठतं. वलयांत दोन-तीन मिळवून गाईचं वय काढायची पद्धत आहे. बैलाला ती लावू नका, त्यात बाजाराच्या आदल्या दिवशी शिंगं तासलेली असतात.

प्रश्न : गाईच्या पोटात लोहचुंबक सोडतात म्हणे. खरं काय? ते बाहेर कसं येतं?
– एक वाचक, कंग्राळी

उत्तर : खरं आहे, आणि ते बाहेर येत नाही. जन्मभर आतच राहतं, राहायलाच हवं.

गाय घास चावून खात नाही. आधी गिळते, मग निवांत बसून रवंथ करते. त्यामुळं वैरणीतला खिळा किंवा तारेचा तुकडा तिला जिभेवर कळतच नाही. तिच्या पोटाला चार कप्पे : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. जड वस्तू जाळीपोटात जाऊन पडते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खणाखणांची नक्षी असते त्या कप्प्याला, त्यात तार अडकते. जाळीपोट दर मिनिटाला आकुंचन पावतं आणि त्याच्या पुढं श्वासपटलाच्या पातळ पडद्यापलीकडं थेट हृदय असतं. तार पुढं सरकली की काय होईल ते सांगायला नको.

चुंबक गुळगुळीत, बोटाएवढं, सात-आठ सेंटिमीटर लांब असतं. डॉक्टर ते घशातून देतात. ते स्वतःच्या वजनानं जाळीपोटात जाऊन बसतं आणि लोखंड धरून ठेवतं. आधी पोट रिकामं असलं तर ते नेमक्या कप्प्यात पडण्याची शक्यता जास्त, म्हणून आदल्या रात्रीपासून वैरण थांबवायला सांगतात. आधीच चुंबक आहे की नाही ते बघायचं तर साधं होकायंत्र गाईच्या डाव्या कोपरामागं छातीशी धरा, काटा फिरला की आहे.

चुंबकाला प्लास्टिक, तांबं, ॲल्युमिनियम धरता येत नाही. आणि जी तार आधीच भिंतीत रुतलीय ती चुंबक दरवेळी ओढून काढेलच असं नाही. गाय पाठ कमानीसारखी करून, कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावरून चालायला नको म्हणते, रवंथ बंद होते, ही लक्षणं दिसली तर चुंबकाची चर्चा सोडून डॉक्टरांना फोन करा. सेंटरिंगची बांधायची तार आणि जाळलेल्या टायरातली बारीक तार, हे दोन मुख्य गुन्हेगार. घराचं बांधकाम चालू असेल तिथं उसाचं वाडं टाकू नका.

प्रश्न : काचेच्या पेटीत चार गोल्डफिश आहेत. दर पंधरा दिवसांनी सगळं पाणी काढून, दगड-फिल्टर नळाखाली स्वच्छ घासून परत भरतो. तरी दोन दिवसांत एखादा मासा मरतोच. एवढी स्वच्छता ठेवून असं का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : स्वच्छतेनंच मरतात. हे ऐकायला वाईट वाटेल, पण क्रम बघा.

गोल्डफिशला जठरच नसतं. घशातून खाल्लेलं थेट आतड्यात जातं. त्यामुळं तो सतत भुकेला दिसतो आणि सतत घाण करतो. कल्ल्यांतूनही अमोनिया बाहेर पडतो. हा अमोनिया माशाला विषारी. फिल्टरच्या स्पंजवर आणि दगडांवर जे जिवाणू वाढतात ते त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर पंधरवड्याला ती नळाखाली धुऊन टाकता, म्हणजे पेटी कायम नवीच.

त्यात नळाचं पाणी. राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून येणारं पाणी आपल्यासाठी क्लोरीन घालून शुद्ध केलेलं असतं. तेच क्लोरीन कल्ल्यांच्या नाजूक पडद्याला भाजतं आणि उरलेसुरले जिवाणू मारतं. शिवाय डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी पेटीपेक्षा बरंच गार असतं.

आता करायचं ते. पेटी 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच असेल तर गुणाकार करून हजारानं भागा : 54 लिटर. दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी 40-42 लिटर. दर आठवड्याला यातलं पाव, म्हणजे साधारण 10 लिटर काढा. काढताना नळी दगडात खुपसून तळाची घाण ओढून घ्या. फिल्टरचा स्पंज याच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा, बस्स. नवं 10 लिटर पाणी रुंद तोंडाच्या बादलीत चोवीस तास उघडं ठेवा, त्यात हवेचा पंप लावलात तर क्लोरीन लवकर उडतं. घाई असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात. घालण्याआधी हात बुडवून दोन्ही पाणी सारखं लागतं का बघा, दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. विहिरीचं पाणी वापरत असाल तर क्लोरीनची भानगड नाही, पण उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही रात्रभर पंप लावून ठेवा.

चार गोल्डफिश या पेटीला जास्त आहेत. दोन ठेवा. खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तळाशी दाणे पडले म्हणजे जास्त झालं.

आणि कधी तळाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा सापडला तर तो माशाचा दात असू शकतो. गोल्डफिशच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. ते पडतात आणि पुन्हा येतात. बेट्टा, म्हणजे दुकानात फायटर म्हणून मिळतो तो मासा, याहून निराळा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारा एक घड्याघड्यांचा अवयव असतो. म्हणून तो सारखा वर येऊन हवा गिळतो. त्याची बाटली काठोकाठ भरून घट्ट झाकण लावलं तर पाण्यात राहूनही तो गुदमरतो.

प्रश्न : आमच्या परसात पोपट येऊन संकेश्वरी मिरची कचाकच खातात. त्यांना ठसका कसा लागत नाही?
– एक वाचक, हुक्केरी

उत्तर : त्यांना ती तिखटच लागत नाही. मिरचीतला कॅप्सायसिन हा पदार्थ आपल्या तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला, म्हणजे नसेच्या टोकावरच्या संवेदक प्रथिनाला, चिकटतो आणि मेंदूला 'भाजलं' असा निरोप जातो. हा ग्राहक 1997 साली शोधला गेला, त्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. पक्ष्यांतही असा ग्राहक आहे, गरम त्यांना कळतं, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्यानं कॅप्सायसिनला तो दाद देत नाही. मिरचीच्या झाडाचा यात फायदाच : आपल्यासारखे प्राणी दाढांखाली बी भरडतात, बरेच पक्षी ती अख्खी टाकून देतात. (पोपट मात्र चोचीनं बी फोडतो, त्यामुळं झाडाच्या दृष्टीनं तो काही आदर्श पाहुणा नाही.) परसात येऊ द्या, पिंजऱ्यात नको. आपला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

प्रश्न : मांजरानं कबुतराची जोडी मारली. खुराड्यात एक पिल्लू राहिलंय, पिसांच्या काड्या फुटल्यात, डोळे उघडे आहेत. दूध-पाव भरवला तर गळ्याखाली फुगून आंबूस वास येतोय. कसं जगवायचं?
– एक कबूतरशौकीन, शहापूर, बेळगाव

उत्तर : दूध-पाव आत्ता बंद करा. पक्ष्याला गाईच्या दुधातली साखर पचत नाही, गळ्याखालच्या पिशवीत ती आंबते. तुम्हाला येतोय तो वास त्याचाच.

कबुतराचंही दूध असतं, पण ते वेगळं. अंडं फुटायच्या दोन दिवस आधी नर आणि मादी, दोघांच्याही गळ्यातल्या त्या पिशवीचं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशी सुटून खरवसाच्या चुऱ्यासारखा पिवळट पदार्थ तयार होतो. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर, साखर जवळजवळ नाही. बाईला दूध येण्यामागं जो प्रोलॅक्टिन हा संप्रेरक असतो, तोच इथंही काम करतो. पहिले तीन-चार दिवस पिल्लू फक्त यावर जगतं, मग हळूहळू भिजलेले दाणे मिसळत जातात. म्हणून डोळे न उघडलेलं पिल्लू हातानं जगवणं फार अवघड. त्याला वाचवायचा खरा मार्ग म्हणजे त्याच वयाची पिल्लं असलेल्या दुसऱ्या जोडीच्या खुराड्यात ठेवणं. तुमचं पिल्लू आठ-दहा दिवसांचं दिसतंय, त्याला आशा आहे.

आधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाला काहीही भरवायचं नाही, पोट हलत नाही आणि सगळं सडतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं फडकं, एका कोपऱ्यावर 40 वॅटचा साधा बल्ब, दुसरा कोपरा मोकळा. म्हणजे फार तापलं तर पिल्लू सरकेल. चोच उघडून धापा टाकत असेल तर बल्ब लांब करा.

गळ्याखालची आंबलेली पिशवी पूर्ण रिकामी होईपर्यंत नवं अन्न नको. पिल्लू उलटं धरून ती दाबून काढायचा प्रयत्न कुणी करतात, तो करू नका, वर आलेलं श्वासनलिकेत जातं. सहा-आठ तासांत पिशवी उतरली नाही तर डॉक्टर. जाता जाता तोंडातही बघा : पिवळा, चिकट, चीजसारखा थर असेल तर तो एक परजीवी रोग आहे, आईबापांच्या दुधातूनच पिल्लाला लागतो आणि त्याला औषध लागतंच.

पिशवी उतरल्यावर हिरवे वाटाणे रात्रभर भिजवा, साल काढा, कोमट पाण्यात ठेवा. मनगटावर लागेल तेवढेच कोमट, गरम नको. पिल्लाला मांडीवर फडक्यात गुंडाळा, एका हातानं चोच हलकेच उघडा आणि वाटाणा जिभेच्या मागं ठेवून चोच मिटा, ते गिळेल. पहिल्या खेपेला आठ-दहा वाटाणे, दिवसातून तीनदा. तीन आठवड्यांचं होईपर्यंत खेपेला तीस-चाळीसपर्यंत न्या. पिशवी अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागली की थांबा, टणक झाली म्हणजे जास्त झालं. आधीचं उतरल्याशिवाय पुढचं देऊ नका.

सर्वांत जास्त पिल्लं मरतात ती पाण्यानं. लोक ड्रॉपरनं तोंडात थेंब सोडतात. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडालाच उघडतं, पाणी सरळ फुप्फुसात. त्यापेक्षा उथळ वाटीत कोमट पाणी घ्या आणि चोचीचं टोक त्यात बुडवा, नाकपुड्या बाहेर ठेवा. कोंबडी घोट घेऊन मान वर करते, कबूतर तसं करत नाही, चोच बुडवून आपण नळीनं ओढावं तसं ओढतं. दोन-तीनदा दाखवलं की पिल्लू शिकतं. महिन्याभरात ते उडायला लागेल. जोंधळा, मका, हरभऱ्याचे दाणे समोर टाकायला तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरुवात करा. आणि खुराड्याला यावेळी बारीक जाळी मारा, मांजर तेच आहे.

प्रश्न : मुधोळ जातीचं कुत्रं घेतलं. दोन वेळा पोटभर घालतो, तरी बरगड्या दिसतात. येणारा-जाणारा विचारतो, 'कुत्र्याला जेवायला घालत नाहीस काय?'
– एक वाचक, निपाणी

उत्तर : शेवटच्या तीन-चार बरगड्या दिसणं हा मुधोळचा दोष नाही, बांधा आहे. खोल छाती, आत ओढलेलं पोट, पातळ कातडी, चरबी नावापुरती. नजरेनं सावज हेरून पाठलाग करणारं हे कुत्रं, पळताना एका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. 2005 साली टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात याचा मान होता. मुधोळजवळच्या तिम्मापूरला याच जातीचं संशोधन केंद्रही आहे.

शंका असेल तर हातानं तपासा. स्वतःच्या हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हातानं बोटांच्या गाठींवरून फिरवा, मग हात सरळ करून हाताच्या पाठीवरून. बरगड्या हाताच्या पाठीसारख्या लागल्या तर ठीक, मुठीच्या गाठींसारख्या लागल्या तर कुत्रं खरंच वाळलंय. मांड्यांचे स्नायू बसलेले असतील, हिरड्या फिकट असतील, तर जंत किंवा गोचीड ताप तपासून घ्या. पिल्लाला जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्यानं, नंतर दर तीन महिन्यांनी.

नुसत्या जोंधळ्याच्या भाकरीवर स्नायू धरत नाहीत, बरोबर अंडी, उकडलेलं मांस, दही हवं. मटणाचा रस्सा ओतू नका, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. मनुके, द्राक्षं, चॉकलेटही नको. जेवणानंतर दोन तास पळवायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्यात भरलेलं पोट पीळ खातं आणि मग तासांचाच खेळ उरतो. कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर जात कोणती ते डॉक्टरांना आधी सांगा : इतकी कमी चरबी असलेल्या कुत्र्यात भुलीची काही औषधं उतरायला वेळ लागतो.

प्रश्न : चिकनच्या दुकानात कोंबडीच्या पायातली शीर ओढली की बोटं मिटतात. मेल्यावरही कसं? सुट्टीत घरी करून बघू का?
– इयत्ता सातवीची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : जरूर कर, मोठं माणूस जवळ असू दे. दुकानातून सोललेला नाही असा पाय घे, वरच्या सांध्याशी कापलेला. साबणानं धू. कापलेल्या तोंडाशी पाठीमागच्या बाजूला पांढऱ्या, चकचकीत दोऱ्या दिसतील. ती शीर नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा. एक दोरी चिमट्यानं पकडून ओढ, बोटं आत मिटतील. पुढच्या बाजूची दोरी ओढलीस तर सरळ होतील. दोरी निसटत असेल तर चिमट्याला फडकं गुंडाळ. ओढणारा स्नायू वर तंगडीत होता, तो दुकानातच राहिला. आता त्याचं काम तुझा हात करतोय, म्हणून कोंबडी जिवंत असायची गरज नाही. जिवंत कोंबडी दांडीवर खाली बसते तेव्हा पायाचा सांधा मुडपतो, ती कंडरा ताणली जाते आणि बोटं दांडीभोवती वळतात.

दुसरा प्रयोग : त्याच कोंबडीच्या तंगडीचं हाड मांस काढून काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडव. रोज व्हिनेगर बदललंस तर चार-पाच दिवसांत हाड रबरासारखं वाकेल. चुना विरघळून गेला, उरलं ते प्रथिनाचं जाळं. अख्खं अंडं ठेवलंस तर दोन दिवसांत कवच जाऊन थरथरणारा गोळा हाती येतो. हे काहीही खायचं नाही, आणि हात नीट धुवायचे.

प्रश्न : लहान भावानं मांजराच्या मिशा कापल्या. परत येतील काय?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : येतील, दोन-तीन महिन्यांत. कापताना दुखत नाही, पण मिशीच्या मुळाशी नसांचं दाट जाळं असतं आणि अंधारात फट किती रुंद आहे ते मांजर त्यावरून जोखतं. तोवर ते कुठं धडकलं, उडी चुकलं तर हसू नका. आणि कात्री वरच्या फळीवर ठेवा.